कडक गादी मागायच्या आधी आपण झोपतो कसे ते बघा, आणि पावसाळाही

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात चौघं, चौघांची झोपायची तऱ्हा वेगळी. ताई स्वतः कुशीवर झोपतात, वजन ५५ किलोच्या आसपास. मिस्टर उताणे झोपतात, वजन ८५, आणि घोरतात. मुलगा दहावीतला, पालथा. सासूबाईंना कंबरदुखी, त्या खाली जमिनीवर पातळ गादी टाकून झोपतात कारण कोणीतरी कडक जागी झोपा असं सांगितलंय. घर समुद्रापासून जवळ, डबल बेड खाली सामान ठेवायचा बॉक्सवाला, जुन्या कापसाच्या गाद्या आता दगड झाल्यात. मोठ्या गादीसाठी बजेट २० हजार. तर कॉयर, फोम, स्प्रिंग की मेमरी फोम?

मी कुडाळात गाद्यांचंच काम करतो, वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे, आता दुकानात सगळेच प्रकार असतात त्यामुळे अमुकच घ्या म्हणायचं मला काही कारण नाही. पण एक सांगतो, आपल्याकडे दहातले आठ जण दुकानात पाय ठेवताच म्हणतात "माका कडक गादी व्हयी, कंबर धरता". कसे झोपता विचारलं की बायकोकडे बघतात. आणि बेड कसला, घरात ओल किती, खिडकी कुठल्या बाजूला, हे तर कोणाच्या डोक्यातच नसतं. माझ्या मते कोकणात गादी निवडायचे प्रश्न दोनच, तुम्ही झोपता कसे आणि तुमची गादी पावसाळ्यात श्वास घेणार का. कंपनी, वॉरंटी, किती इंची वगैरे त्याच्यानंतर.

आधी झोपण्याचं बोलू. कुशीवर झोपलेल्या माणसाचा सगळा भार खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो, बाकी अंग मधे अधांतरी. गादी कडक असेल तर खांदा आत जात नाही, मग हात बधिर होतो, मुंग्या येतात, माणूस रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत राहतो आणि सकाळी म्हणतो झोपच लागली नाही. अशांना वरचे दीड-दोन इंच मऊ पाहिजेत आणि खाली आधार देणारा थर. ताई, तुमचं वजन कमी म्हणून तुम्हाला हे जास्तच लागू आहे, कारण जी गादी मिस्टरांना मध्यम वाटेल ती तुम्हाला फळीसारखी लागणार. गादी कडक की मऊ हे गादी एकटी ठरवत नाही, वर कोण झोपतंय त्यावर पण ठरतं.

उताणं झोपणाऱ्याचं वेगळं. त्याच्या कमरेखाली जी पोकळी राहते ती गादीने भरून काढायची असते पण बूड खाली जाता कामा नये. मध्यमपेक्षा जरा कडक अशांना चालते. ८५ किलोला ४ इंची गादी घेऊ नका, खालची फळी लागते, ६ इंच तरी बघा. घोरण्याचं म्हणाल तर उताणं झोपल्यावर बहुतेकांचं वाढतं, ते गादीने थांबत नाही, कुशीवर वळवलं की कमी होतं, आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल तर डॉक्टरला दाखवा, गादीवाल्याला नको.

पालथं झोपणाऱ्याला मऊ गादी म्हणजे शिक्षा. पोट खाली जातं, कंबर उलटी वाकते आणि मान एका बाजूला पिळलेली. मुलाला चांगली घट्ट गादी द्या आणि उशी एकदम पातळ, नाहीतर उशीच नको. पालथं झोपायची सवय सुटली तर चांगलंच पण दहावीच्या पोराला ते सांगून बघा, ऐकला तर मला कळवा.

आता सासूबाई. कंबर दुखते म्हणून जमिनीवर झोपायचं ही पद्धत आपल्या घराघरात आहे आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असणार. पण २००३ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर नीट अभ्यास केला, तो लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलाय. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, कोणाला कुठली ते त्यांना सांगितलं नाही, आणि ९० दिवसांनी बघितलं तर मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. म्हणजे कंबरेला दगड नको असतो, आधार हवा असतो. शिवाय सासूबाईंच्या वयाला खाली बसून उठणं हेच कंबरेवर आणि गुडघ्यावर येतं. त्यांना साधी लाकडी कॉट द्या, गादी धरून उंची साधारण त्यांच्या गुडघ्याइतकी, १८ ते २० इंच, म्हणजे बसलं की पाय जमिनीला टेकतात आणि उठताना जोर लागत नाही. वर ४ किंवा ५ इंची कॉयर आणि त्याच्यावर इंचभर फोम. कुशीवर झोपत असतील तर दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी, उताण्या झोपत असतील तर गुडघ्यांखाली. ही उशीची युक्ती फुकटची आहे, पण पुष्कळांना नुसत्या त्यानेच निम्मा आराम पडतो. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर मात्र गादी राहू दे, आधी दवाखाना.

आणि हो, "ऑर्थो" लिहिलेलं बघून भुलू नका. त्या शब्दाला काही ठरलेलं मोजमाप नाही, कोणीही छापतो. बऱ्याचदा आत काय असतं तर रीबॉन्डेड, म्हणजे फोमचे कापलेले तुकडे गोंद घालून दाबून केलेला ठोकळा, खोळ उघडली की रंगीबेरंगी ठिपके दिसतील. वाईट माल नाही तो, जड आणि टिकाऊ असतो, पालथ्या झोपणाऱ्याला, भारी माणसाला चांगला. पण कुशीवर झोपणाऱ्या ५५ किलोच्या बाईला ऑर्थो म्हणून तो नुसता दिला की महिन्याभरात खांदा धरून दुकानात येते.

आता पावसाळा. पुण्याच्या माणसाला गादी सांगणं सोपं, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथे गादी कुठून वाळणार. त्यात माणूस रात्रभर घाम सोडतो, तो गादीत उतरतो, आणि खाली बॉक्स बेडची सलग प्लायवुड, हवा जायला जागाच नाही. ऑगस्टमध्ये एकदा गादी उचलून खालची बाजू बघा, जिथे आपण झोपतो बरोबर तिथेच काळे हिरवे ठिपके असतात, वरून चादर अगदी स्वच्छ. मग पोराला सर्दी, सासऱ्यांना दमा, आणि आपण धुळीला दोष देतो.

कापूस पाणी धरतो, नेहमीच्या दमट हवेत सुद्धा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल त्याच्यात असते, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून कापसाची गादी जून महिन्यात जड लागते, तुमचा भास नाही तो. पण कापसाची मजा ही की ऊन दाखवलं की परत जागेवर येतो, आणि दगड झाला तरी पिंजून पुन्हा भरता येतो, जे दुसऱ्या कुठल्याच गादीचं होत नाही. म्हणून तुमच्या जुन्या गाद्या टाकू नका ताई, पुढे सांगतो.

कॉयर म्हणजे आपला काथ्याच, नारळाच्या सोडणाचा, कुरळा करून त्याच्यावर रबराचा चीक फवारून दाबलेला. आतून जाळीदार असल्यामुळे हवा खेळते, गरम होत नाही, आणि आपल्या हवेत फोमपेक्षा बरा टिकतो असं माझं मत. उताणं झोपणाऱ्याला एकदम योग्य. कमी कुठे पडतो तर नुसता कॉयर कुशीवर झोपणाऱ्याला टोचल्यासारखा लागतो आणि काही वर्षांनी जिथे झोपता तिथे खड्डा पडून राहतो. हलका माल ओळखायची खूण सांगतो, बेडखाली झाडू मारताना तपकिरी भुसा यायला लागला की समजा चीक कमी पडलाय आणि काथ्या सुटतोय. दुकानात कोपरा धरून जरा वाकवा, करकर आवाज आला आणि हाताला पूड लागली तर ठेवून द्या. मधोमध घडी मात्र घालायची नाही कॉयरची, आतून मोडतो.

फोमचं सगळं गणित डेन्सिटीवर. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, बास. डेन्सिटी जास्त म्हणजे कडक असा समज आहे तो चुकीचा, ४० डेन्सिटीचा फोम मऊ पण असू शकतो, डेन्सिटी सांगते तो किती दिवस टिकेल ते. रोजच्या झोपण्याला ३२ च्या खाली जाऊ नका, तुमच्या मिस्टरांसाठी ४०. आणि दुकानदार ३२ म्हणाला म्हणून ३२ नसतो, तो तोलता येतो. ६ बाय ३ फुटांचा ४ इंची फोम म्हणजे बरोबर ६ घनफूट, तो ३२ चा असेल तर खोळ सोडून साडेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे. साडेतीन भरला तर तो २० चा आहे, सहा महिन्यात बसणार. आमच्याकडे एक गिऱ्हाईक, मच्छी विकणाऱ्या मावशी, स्वतःचा हूकवाला काटा घेऊन आल्या, खोळीची चेन उघडायला लावली, फोम सुतळीने बांधून काट्याला टांगला, आकडा बघितला आणि मग पैसे मोजले. अशी गिऱ्हाईकं असली की धंदा सरळ राहतो.

मेमरी फोमचं सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून जरा सविस्तर. हा १९६६ साली नासासाठी विमानाच्या सीटकरता केलेला फोम, गुण असा की अंगाच्या उबेने मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला हे फार छान वाटतं, नाही म्हणत नाही. पण गंमत बघा, तुम्ही ती गादी बघता कुठे, तर मुंबई-कोल्हापूरच्या किंवा पणजीच्या एसी शोरूममध्ये. तिथे फोम थंड, म्हणून बऱ्यापैकी घट्ट लागतो, तुम्ही म्हणता वा काय आधार आहे. तीच गादी मे महिन्यात वेंगुर्ल्यात, एसी नाही, पंखा पण लाईट असेल तर, खोलीत बत्तीस-तेहतीस डिग्री, की ती वितळल्यासारखी मऊ पडते, माणूस आत रुततो, वळायला जोर लागतो आणि अंगाभोवती फोम चिकटल्यावर हवा लागत नाही, पाठ ओलीचिंब. जेल घातलंय म्हणतात ते पहिला थोडा वेळ गार लागतं, मग तेही आपल्याइतकंच गरम. ज्यांच्या बेडरूममध्ये रोज एसी चालतो त्यांनी खुशाल घ्यावी, बाकीच्यांनी फार तर वरचा एक इंच तेवढा मेमरी घ्यावा. तुमच्या घरी एसी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून मी नकोच म्हणेन.

स्प्रिंग. हवा खेळण्याच्या बाबतीत स्प्रिंगला तोड नाही, आतून सगळी पोकळच. त्यात पॉकेट स्प्रिंग म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, एक वळला तर दुसऱ्याला हिसका कमी लागतो, तुमच्यासारख्या तीस किलोच्या फरकाच्या जोडप्याला ती खरं तर सोयीची. बॉनेल म्हणजे जुनी, सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या, एकाने कूस बदलली की दुसरा जागा. पण स्प्रिंग शेवटी लोखंडाचीच तार, आणि तुमचं घर समुद्राजवळ. तुमच्या खिडकीचे गज आणि फ्रीजची मागची बाजू बघा, ती दोन-तीन वर्षांत गंजत असतील तर स्प्रिंग पण गंजणार, फक्त दिसणार नाही, आधी कुरकुर ऐकू येईल. कुडाळ, कणकवलीसारख्या आतल्या गावात मी बिनधास्त देतो, किनाऱ्यावरच्या माणसाला आधी घरातले गज विचारतो.

लॅटेक्स आपल्या हवेला सगळ्यात जुळणारं. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात रबराच्या बागा आहेत, पहाटे झाडाला चीर देऊन वाटीत गोळा करतात तोच हा चीक, फेसून भोकंभोकं पाडून साच्यात घातलेला. दाबलं की लगेच वर येतो, रुतवत नाही, खांद्याला मऊ, कमरेला घट्ट. पण ६ इंची अख्खी लॅटेक्स डबल बेडची गादी ३५ किलोपर्यंत जाते, एकट्या बाईला उचलवत नाही, आणि २० हजारात खरी बसायची नाही. त्या भावात लॅटेक्स म्हणून मिळाली तर चेन उघडा, वर इंचभर लॅटेक्स आणि खाली साधा फोम असतो. तसं असायला हरकत नाही, पण बिलावर तसं लिहून घ्या.

तर तुमच्या मोठ्या बेडसाठी माझं मत असं, एक अख्खी गादी घेऊच नका. ७८ बाय ३० इंचाच्या दोन घ्या, बेड ७८ बाय ६० इंचाचा असेल तर. मिस्टरांच्या बाजूला ५ इंची कॉयर आणि वर १ इंच ४० चा फोम, तुमच्या बाजूला ४ इंची कॉयर आणि वर २ इंच लॅटेक्स किंवा मऊ पण ४० चाच फोम. दोन्ही ६ इंच, वर एकच खोळ चढवली की फट लागत नाही. बजेटमध्ये बसेल, मिस्टरांच्या बाजूच्या खड्ड्यात तुम्ही घरंगळणार नाही, आणि पावसाळ्यात उचलून भिंतीला उभी करायला एकटीला जमेल. शोरूमवाले ही आयडिया देत नाहीत कारण त्यांच्याकडे कंपनीचे साईज ठरलेले असतात, आमच्यासारखे मापाने करून देणारे गावागावात आहेत.

दुकानात बघताना हाताने दाबून काही कळत नाही, आडवे व्हा. लाज वाटते बायकांना, माहिती आहे, सोबत कोणीतरी न्या आणि चपला काढून दहा-पंधरा मिनिटं झोपा, ज्या कुशीवर घरी झोपता त्याच कुशीवर. सोबतच्याने मागून बघायचं, मान ते माकडहाड रेघ सरळ आहे का. मधे खाली झोल दिसला तर मऊ, खांदा वर उचललेला दिसला तर कडक. उताणं झोपणाऱ्याने कमरेखाली पंजा घालून बघायचा, सहज आरपार गेला तर गादी कडक, घुसतच नाही तर मऊ, जरा घासून गेला तर बरोबर. घरची उशी पण न्या, हसू देत दुकानदाराला. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतच्या अंतराइतकी हवी, साधारण चार-पाच इंच, उताण्याला तीन, आणि पुष्कळ मानदुख्या या उशीच्या असतात, गादीच्या नाहीत. एप्रिल-मे मध्ये शेवरीची बोंडं फुटतात तो कापूस मिळाला तर उशीला उत्तम, हलका, गार, पाणी धरत नाही. धुवायचा मात्र नाही, अभ्रा धुवायचा.

आणि गादी यायच्या आधी सुताराला बोलावून बॉक्स बेडच्या प्लायला इंच इंचाची भोकं पाडून घ्या, वीतभर अंतरावर, अर्ध्या दिवसाचं काम. नवीन गादीचं प्लॅस्टिक पहिल्याच दिवशी काढून टाका, खराब होईल म्हणून ठेवलं की आत घाम साचून तिथेच बुरशी. पावसात आठवड्यातून एकदा गादी उभी करून तासभर पंखा लावायचा. ऑक्टोबरच्या उन्हात कापूस चांगला तापवा, कॉयरमध्ये रबराचा चीक असतो म्हणून ती कडक उन्हात ठेवू नका, आणि फोम, लॅटेक्स तर उन्हात अजिबात नाही, पिवळं पडून भुगा होतो, या सगळ्यांना सावलीतला वारा. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर वर रेक्झिन घालू नका, हवा जाणारा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर मिळतो तो घ्या.

जुन्या कापसाचं. पिंजून घ्या, त्यातला चांगला कापूस निघेल त्याच्या गणपतीसाठी पातळ गाद्या भरा. चतुर्थीला मुंबईची मंडळी आली की माजघरात, पडवीत ओळीने हातरुणं पडतात, तिथे कापसासारखं दुसरं काही नाही, गुंडाळून माळ्यावर टाकता येतात, फोमच्या घडीच्या गाद्या अकरा महिने घडीत राहिल्या की घडीवरच फाटतात. फक्त माळ्यावर उंदरांचा बंदोबस्त करा, कापूस त्यांना आपल्याहून प्रिय. उरलेल्या कापसात सासूबाईंच्या गुडघ्याची उशी होईल, ती जरा गच्च भरायला सांगा. मुलासाठी ६ बाय ३ ची ५ इंची रीबॉन्डेड, वर पातळ फोम, विषय संपला.

माप घेताना बेडच्या चौकटीचं आतलं माप घ्या, बाहेरचं नको, आणि चारही बाजूंचं घ्या, आपल्याकडचे जुने पलंग एका बाजूला अर्धा-पाऊण इंच तिरके असतात. ते माप आणि सासूबाईंच्या गुडघ्याची जमिनीपासूनची उंची एवढं कळवलंत तर कॉटला पाय किती उंच लावायचे आणि कुठला थर किती जाडीचा ते मी लिहून देतो, मग तुमच्या जवळच्या गादीवाल्याकडून करून घ्या.